टफन घ्यावी की लॅमिनेटेड? सेफ्टी काचेबद्दल बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजलपूरला नवा फ्लॅट असो, वासणा रोडवरचं टेनामेंट असो की दांडिया बाजारातलं आजोबांच्या वेळचं घर, काम निघालं की काचेचा विषय येतोच. गॅलरीला काचेची रेलिंग हवी असते, बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन, जिन्यावर उजेडासाठी छतात काच. फॅब्रिकेटर म्हणतो, "टफन टाकून देतो, काही होत नाही," आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हे लिहितो आहे. खालचे प्रश्न साइटवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि फोनवर मला सतत विचारले जातात.

सेफ्टी काच म्हणजे न फुटणारी काच का?

नाही. घरासाठी म्हणून जी काच मिळते ती सगळी फुटते. साधी फ्लोट काच फुटली की तिचे लांब, टोकदार, सुऱ्यासारखे तुकडे होतात आणि मनगटाची किंवा मांडीची शीर कापायला तेवढा एक तुकडा पुरतो. फुटल्यावर असे तुकडे होणार नाहीत, किंवा झालेच तर ते जागचे हलणार नाहीत, अशा रीतीने बनवलेली ती सेफ्टी काच.

म्हणून कुठलीही काच निवडताना मी "किती मजबूत?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की ही काच फुटली तर तिचे तुकडे कुठे जातील, आणि काच गेल्यावर त्या जागी काय उरेल? पलीकडे बाथरूमची फरशी असेल तर उत्तर वेगळं. पलीकडे चार मजल्यांची पोकळी असेल तर अगदीच वेगळं.

टफन काच नेमकी कशी बनते?

साधी काच आधी मापात कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात. मग ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी जोरदार हवेचे झोत मारतात. पृष्ठभाग लगेच थंड होऊन घट्ट होतो, पण गाभा अजून गरम असतो. तो नंतर थंड होताना आकसतो आणि आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागाला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली.

काच दाबाने सहसा तुटत नाही, ताणाने तुटते. टफन काच वाकवली तर आधी तो साठवलेला दाब संपवावा लागतो, मगच पृष्ठभागावर ताण येतो. साध्या काचेच्या चार-पाच पट ताकद येते ती इथून. आणि ती फुटते तेव्हा गाभ्यात कोंडलेली सगळी शक्ती एकदम सुटते, म्हणून अख्ख्या काचेचे क्षणात खडीसाखरेएवढे बोथट तुकडे होतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. टफन केल्याने काच कमी वाकत नाही. ८ एमएमची साधी काच आणि ८ एमएमची टफन काच सारख्याच वजनाखाली सारखीच वाकते. टफन फक्त उशिरा तुटते. म्हणून "टफन आहे ना, मग पातळ चालेल" हा हिशेब रेलिंगला आणि मोठ्या दरवाजाला लागू होत नाही.

आमची टफन काच रात्री कुणी हात न लावता फुटली. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. त्याला भूतबाधा किंवा शेजाऱ्याचा दगड लागत नाही. याची कारणं दोन प्रकारची असतात.

पहिलं आणि जास्त वेळा सापडणारं कारण बसवण्यातलं. काचेची कड धातूला थेट टेकलेली असते, स्क्रू जरुरीपेक्षा जास्त आवळलेला असतो, भोकात प्लास्टिकची बुशिंग घातलेली नसते किंवा फरशीवर उतरवताना कोपरा टेकलेला असतो. टफन काचेची कड हा तिचा सगळ्यात नाजूक भाग. मधोमध बुक्की मारली तर ती सहन करते, पण कोपऱ्याला टाइलचा हलका धक्का लागला तरी जाते. कडेला पडलेला बारीक टवका महिनोन्‌महिने शांत बसतो आणि एखाद्या थंड रात्री काच आकसली की तिथून तडा धावतो.

दुसरं कारण काचेच्या आतलं, निकेल सल्फाइडचा कण. काच वितळवताना कुठूनतरी निकेलचा अंश येतो, गंधकाशी त्याचा संयोग होतो आणि डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा कण काचेत अडकतो. साध्या काचेत तो निरुपद्रवी असतो. टफन करताना काच झटकन थंड होते, त्यामुळे हा कण त्याच्या उच्च तापमानाच्या रूपातच गोठून राहतो. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो हळूहळू मूळ रूपात येतो आणि तसं होताना दोन-चार टक्क्यांनी फुगतो. ताणाखालच्या गाभ्यात तेवढं पुरतं. अशी काच फुटून चौकटीतच राहिली असेल तर जिथून तडे सुरू झाले तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे जोडीने दिसतात.

यावर उपाय म्हणजे हीट सोक. टफन झालेली काच पुन्हा २६० ते २९० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. ज्या काचेत असा कण असेल ती बहुतेक वेळा तिथेच, कारखान्यातच फुटते. धोका शून्य होत नाही, पण खूपच कमी होतो. उंचावर, लोकांच्या डोक्यावर किंवा दर्शनी भागात टफन वापरणार असाल तर हीट सोक करून मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर हे सोडू नये, कारण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही.

लॅमिनेटेड म्हणजे काय?

दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर घालून उष्णता आणि दाबाखाली त्या एकजीव केलेल्या असतात. बहुतेक वेळा हा थर पीव्हीबीचा असतो आणि तो ०.३८ एमएमच्या पटीत मिळतो, म्हणजे ०.३८, ०.७६, १.५२. दुकानात "६ + १.५२ + ६" असं सांगतात तेव्हा दोन सहा एमएमच्या काचा आणि मध्ये दीड एमएमचा थर, एकूण १३.५२ एमएम.

ही युक्ती फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तूस यांना १९०३ मध्ये प्रयोगशाळेत सुचली. फळीवरून पडलेला काचेचा चंबू तडकला, पण विखुरला नाही, कारण त्यात वाळून गेलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा आतून चिकटलेला होता. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. तुमच्या गाडीची पुढची काच याच जातीची आहे. बाजूच्या काचा बहुधा टफन असतात. अपघात झालेल्या गाडीत पुढची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकून जागेवर असते आणि बाजूच्या काचेचा सीटवर चुरा पडलेला असतो. दोन्ही प्रकारांतला सगळा फरक तिथे दिसतो.

मग दोन्हींत जास्त मजबूत कोणती?

तडा जाईपर्यंत टफन. तडा गेल्यानंतर लॅमिनेटेड.

साध्या काचांची लॅमिनेटेड तेवढ्याच जाडीच्या एकसंध काचेपेक्षा मजबूत नसते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. तिचं काम तडकल्यावर सुरू होतं. दोन्ही गुण हवे असतील तर दोन टफन काचा घेऊन त्यांची लॅमिनेटेड बनवतात. ती महाग पडते, जड असते, पण काही जागा अशा आहेत की तिथे दुसरं काही लावूच नये.

गॅलरीच्या रेलिंगला बिल्डरने १२ एमएमची एकेरी टफन लावली आहे. बदलावी का?

तळमजल्यावरचा दोन पायऱ्यांचा ओटा असेल तर राहू द्या. त्यावरच्या मजल्यावर असेल तर माझं उत्तर सरळ आहे: हो, बदला.

१२ एमएम टफन चांगली मजबूत असते. पण ती फुटली की पूर्ण जाते, एकाही चौरस इंचाची काच जागेवर राहत नाही. ज्या क्षणी एखादा माणूस तिच्यावर जोरात आदळला आहे, नेमक्या त्याच क्षणी त्याच्यापुढचा अडसर नाहीसा होतो. खाली उभ्या असलेल्यांचंही तेच. टफनचे तुकडे प्रत्येक वेळी सुटेसुटे पडत नाहीत, एकमेकांत अडकलेले मोठे गठ्ठे पडतात. १२ एमएम काचेचं वजन दर चौरस मीटरला ३० किलो असतं, आणि चौथ्या मजल्यावरून पडलेला असा गठ्ठा बोथट आहे की टोकदार याला काही अर्थ उरत नाही.

रेलिंगला लॅमिनेटेडच हवी, आणि शक्यतो टफन-लॅमिनेटेड. वर स्टीलचा किंवा लाकडाचा सलग हातधरा असावा, म्हणजे एखादं पॅनेल गेलं तरी धरायला काहीतरी राहतं. हल्ली वरचा हातधरा काढून टाकून फक्त खाली यू-चॅनेलमध्ये काच उभी करण्याची फॅशन आहे. दिसायला ती सुरेख दिसते, हे मान्य. पण इथे आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. पीव्हीबीचा थर तीस-चाळीस अंशांच्या वर मऊ पडत जातो. मे महिन्यात बडोद्यात हवाच ४२-४३ अंश असते आणि पश्चिमेच्या उन्हात काच त्याहून तापते. मऊ थराची लॅमिनेटेड एकसंध जाड काचेसारखी वागत नाही, दोन पातळ काचांसारखी वागू लागते आणि जास्त वाकते. त्यात दोन्ही टफन काचा फुटल्या, तर ती ओल्या चादरीसारखी खाली लोंबते. म्हणून हातधरा नसलेली रेलिंग हवीच असेल तर मधला थर आयनोप्लास्टचा मागा, ज्याला बाजारात एसजीपी म्हणतात. तो पीव्हीबीपेक्षा कितीतरी कडक असतो. त्याला बजेट नसेल तर हातधरा लावा, ते जास्त शहाणपणाचं.

उत्तरायणात गच्चीवर इतके लोक असतात. काचेची रेलिंग चालेल का?

गच्चीवर मी काच सुचवत नाही. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यात गच्ची ही काही फक्त गच्ची नसते, तिथे अख्खी सोसायटी नांदते. नजर वर पतंगाकडे असते आणि पाय मागे मागे सरकत असतात. पोरं कठड्याला रेलून लटकतात, एका जागी दहा-दहा जणांचा भार येतो. तिथे विटांचा पक्का कठडाच हवा. शोभेसाठी काच घालायचीच असेल तर छातीएवढ्या पक्क्या कठड्याच्या किंवा लोखंडी चौकटीच्या आत घाला, म्हणजे भार चौकट घेईल, काच नाही.

हॉलमधला झोपाळा काचेपासून किती लांब हवा?

झोपाळा पूर्ण झोक्यात जिथवर जातो, त्याच्या पुढे माणसाचे पाय लांब केलेले, आणि त्याही पुढे हातभर मोकळी जागा. हे प्रत्यक्ष बसून मोजा, नकाशावर नको. आपल्याकडे बहुतेक घरांत झोपाळा असतोच आणि हल्ली तो बरोबर काचेच्या स्लायडिंग दारासमोर टांगतात, कारण तिथे वारा येतो. वाऱ्यासाठी टांगा जरूर, पण आडवा, काचेला समांतर. आणि त्या दाराची काच टफन किंवा लॅमिनेटेड आहे याची खात्री करा. साधी ५ एमएमची काच स्लायडिंगला अजूनही सर्रास लावली जाते.

जमिनीपर्यंतच्या खिडक्यांना काय नियम आहे?

इमारतींमधल्या काचेसाठी आयएस १६२३१ हे भारतीय मानक आहे आणि त्याचा चौथा भाग माणूस काचेवर आदळण्याच्या धोक्याबद्दल आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही काचेचा स्वतंत्र विभाग आहे. ढोबळ सूत्र असं: काच जमिनीपासून ०.७५ मीटरच्या खाली सुरू होत असेल तर सेफ्टी काच हवी, आणि पलीकडे १.५ मीटर किंवा जास्त खोल पडण्याची शक्यता असेल तर लॅमिनेटेडच हवी. बाहेरून मजबूत ग्रिल असेल तर पडण्याचा धोका ग्रिल सांभाळते, कापण्याचा धोका मात्र तसाच राहतो.

बाथरूमच्या पार्टिशनला?

८ किंवा १० एमएम टफन पुरते. पलीकडे पोकळी नाही, आणि ओल्या अंगावर बोथट तुकडे पडले तर सहसा खरचटतं, खोल चिरत नाही. बिजागऱ्यांपाशी रबर आहे ना आणि दार उघडताना काचेची कड भिंतीवर किंवा कमोडवर आपटत नाही ना, तेवढं पाहा. घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर बाहेरच्या बाजूने पारदर्शक सेफ्टी फिल्म लावून घ्या, म्हणजे अनवाणी पायांखाली चुरा येणार नाही.

जिन्यावरच्या किंवा चौकावरच्या स्कायलाइटला?

लॅमिनेटेड. इथे दुसरं उत्तर नाही. डोक्यावरची काच फुटली तरी वरच राहिली पाहिजे. उष्णतेसाठी दुहेरी पोकळ काच लावत असाल तर खालची, म्हणजे घराच्या बाजूची, लॅमिनेटेड हवी. वरची टफन चालते. माकडांच्या उड्या आणि शेजारच्या गच्चीवरून आलेला चेंडू वरची सोसते, पण ती गेलीच तर चुरा खालची झेलते. आणि स्कायलाइटवर पाय ठेवून पतंग काढायला कुणी जाऊ नये. चालण्याची काच वेगळी असते, तिला तीन थर असतात आणि हिशेबही वेगळा असतो.

दुकानाला बिनचौकटीचा काचेचा दरवाजा बसवतोय. काय पाहावं?

१२ एमएम टफन वापरतात आणि ते योग्य आहे. सात फूट बाय तीन फुटांच्या अशा दाराचं वजन जवळजवळ ५८ किलो भरतं, म्हणून फ्लोअर स्प्रिंग (दार फिरवणारी फरशीतली स्प्रिंग) आणि पॅच फिटिंग (काच कोपऱ्यांना धरणारे धातूचे चिमटे) त्या वजनाचं घ्या. स्वस्त फिटिंग सैल झालं की दार खाली बसतं, कोपरा फरशीला घासतो आणि एक दिवस दार हातात येतं.

आणखी एक गोष्ट, जिला पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि जी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. स्वच्छ काच दिसत नाही. लोक सरळ चालत येऊन तिच्यावर आपटतात. दोन उंचींवर पट्टे किंवा नक्षीची फिल्म लावा, एक मोठ्या माणसाच्या नजरेला आणि एक लहान मुलाच्या. बँका, दवाखाने, शाळा यांनी तर हे आजच करावं.

जाळीची काच सेफ्टी काच आहे ना? आत तार असते.

नाही. हा सगळ्यात जुना गैरसमज आहे. तारेची काच अमेरिकेत फ्रँक शुमन यांनी १८९२ मध्ये आणली. तिचा खरा गुण आगीत दिसतो: उष्णतेने तडकली तरी तारेमुळे काच जागेवर राहते. माणूस आदळला तर मात्र ती साध्या काचेपेक्षाही लवकर तुटते, कारण तारेमुळे काच कमकुवत होते. हात आरपार गेला तर काच आणि तार दोन्ही मिळून तो फाडतात. जुन्या जिन्यांत आणि शाळांच्या दारांत ती असेल तर निदान फिल्म लावा, जमेल तेव्हा बदला.

आगीत टफन किंवा लॅमिनेटेड टिकते का?

नाही. टफन काही मिनिटांत फुटू शकते आणि लॅमिनेटेडचा मधला थर जळतो. आगरोधक काच हा निराळा प्रकार आहे. काही काचा फक्त ज्वाळा आणि धूर अडवतात, काही उष्णताही अडवतात आणि त्यांना ३०, ६०, १२० मिनिटं असं मानांकन असतं. ते मानांकन काच आणि चौकट या दोन्हींचं मिळून असतं. काच आगरोधक आणि चौकट साध्या ॲल्युमिनियमची, याला अर्थ नाही.

याची एक बाजू घरातल्यांनी लक्षात ठेवावी. लॅमिनेटेड काच आतून फोडून बाहेर पडणं फार कठीण असतं. ज्या खोलीत सगळीकडे स्थिर लॅमिनेटेड आहे तिथे निदान एक खिडकी उघडती असली पाहिजे, आणि तिच्या ग्रिललाही दार हवं.

सगळ्या काचा बदलणं परवडत नाही. फिल्म लावली तर चालेल?

बऱ्याच ठिकाणी चालेल. सेफ्टी फिल्म, म्हणजे १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड, आतल्या बाजूने लावली की तुकडे चिकटून राहतात. खिडक्या, कपाटांची दारं, आरसे, जुनी तावदानं यांना हा चांगला उपाय आहे. मुलांच्या खोलीतल्या आरशाच्या कपाटाला मी आवर्जून लावायला सांगतो, आरसा फुटला तर त्याचे सुरेच होतात.

दोन गोष्टी सांभाळा. टफन काचेवर फिल्म लावली आणि ती चौकटीला बांधलेली नसेल तर काच फुटल्यावर अख्खी चादर एकदम खाली येते, म्हणून रेलिंगला फिल्म हा उपाय नव्हे. दुसरं, पश्चिमेच्या साध्या काचेवर गडद फिल्म लावू नका.

ते का?

गडद फिल्म ऊन शोषते, काचेचा मधला भाग तापून फुगतो, पण चौकटीत दडलेली कड थंड राहते. साधी काच सुमारे ४० अंशांचा फरक सोसते, त्यापुढे कडेपासून तडा जातो. हा तडा ओळखायला सोपा असतो, कडेपाशी तो बरोबर काटकोनात सुरू होतो. रंगीत काचेवर अर्धी सावली आणि अर्धं ऊन पडत असेल तिथेही हेच होतं. टफन सुमारे २०० अंशांचा फरक सोसते. म्हणून शेगडीमागच्या भिंतीला काच लावायची असेल तर टफनच लावा, आणि देवघरात समईजवळ साधी काच नको.

मोठ्या दर्शनी काचांसाठी मधला मार्ग आहे, हीट-स्ट्रेंदन्ड काच. तिची ताकद साध्या काचेच्या दुप्पट असते आणि ती उष्णतेचा ताण सोसते. पण फुटल्यावर तिचे मोठे तुकडे होतात, म्हणून ती एकटी सेफ्टी काच धरत नाहीत. तिची लॅमिनेटेड मात्र उत्तम होते: फुटल्यावर मोठे तुकडे एकमेकांत अडकून राहतात आणि पॅनेल टफन-लॅमिनेटेडसारखं लोंबत नाही.

सेफ्टी काचेने घर थंड राहतं का?

टफन केल्याने उष्णतेत काही फरक पडत नाही. पीव्हीबीचा थर ९९ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरणं अडवतो, त्यामुळे पडदे आणि सोफा लवकर फिके पडत नाहीत. पण उष्णता अडवायची तर काचेवर त्यासाठीचं कोटिंगच हवं.

आमच्या जुन्या घरात रंगीत काचांची तावदानं आहेत. सेफ्टीसाठी काढून टाकावी का?

कृपा करून काढू नका. लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या बेल्जियमच्या रंगीत काचा बघायला लोक लांबून येतात, आणि त्याच काळाची आवड रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या कितीतरी मराठी घरांच्या दारांवर अजून शिल्लक आहे. तसा रंग, काचेतली ती किंचित लाट आज सहजासहजी मिळत नाही. हाताच्या उंचीवरच्या तावदानांच्या आतल्या बाजूने, थोडी फट सोडून, पातळ लॅमिनेटेड काच किंवा पारदर्शक फिल्म लावा. दारावरच्या उंच झरोक्यांना सहसा काही करावं लागत नाही, लाकडाची पट्टी आणि लुकण पक्कं आहे ना एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

दिलेली काच खरंच टफन आहे हे कसं ओळखावं?

कोपऱ्यात न पुसता येणारा शिक्का असतो. सेफ्टी काचेचं भारतीय मानक आयएस २५५३ (भाग १). शिक्क्यावर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव येतं, बिलावरच्या नावाशी ते जुळवा. स्टिकरवर विश्वास ठेवू नका, तो कुठल्याही काचेवर चिकटतो.

पोलराइज्ड गॉगल असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात काचेकडे पाहा. टफन किंवा हीट-स्ट्रेंदन्ड काचेत पुसट पट्टे किंवा ठिपके दिसतात, साध्या काचेत दिसत नाहीत. लॅमिनेटेड ओळखायला कड पाहा, मधली रेघ दिसते. म्हणूनच लॅमिनेटेड रेलिंगची कड पूर्ण झाकायच्या आधी साइटवर जा.

ऑर्डर देताना काय चुकतं?

माप. टफन झालेली काच नंतर कापता, घासता, भोक पाडता येत नाही, प्रयत्न केला तर तिचा चुरा होतो. म्हणून टाइल, मार्बल, चौकट सगळं झाल्यावरच माप द्या, आणि भिंत ओळंब्यात आहे असं गृहीत धरू नका, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी मोजा.

कोटेशनमध्ये "टफन ग्लास रेलिंग, अमुक रुपये फूट" एवढीच ओळ असेल तर परत पाठवा. काचेचा प्रकार, दोन्ही काचांची जाडी, मधल्या थराचं नाव आणि जाडी, कडेची पॉलिश, हीट सोक हो की नाही आणि हार्डवेअर, हे वेगवेगळं लिहायला लावा. काच अंकलेश्वरजवळच्या, साधी फ्लोट काच बनवणाऱ्या कारखान्यातून आली असेल, पण टफन आणि लॅमिनेटेड बहुतेक वेळा दुसरीकडे केलेली असते. तुम्हाला परवाना विचारायचा तो त्या प्रक्रिया करणाऱ्याचा.

विश्वामित्रीचं पाणी घरात आलं होतं. तळमजल्याच्या काचांचं काय?

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हा प्रश्न खूप वेळा आला. मीटरभर रुंद दाराबाहेर मीटरभर पाणी उभं राहिलं तर त्यावर एकूण ५०० किलो वजनाइतका दाब येतो. तो सोसायला घरातल्या काचा बनवलेल्या नसतात. पाणी चढू लागलं तर काचेच्या दारामागे कुणी उभं राहू नये.

पाण्यात बुडालेल्या लॅमिनेटेडच्या कडा तपासा. पीव्हीबी ओलावा शोषतो. कडेने दुधाळ पट्टा किंवा बुडबुडे दिसू लागले तर थर सुटतो आहे असं समजा. तो आत सरकत नसेल तर घाई नाही, सरकत असेल तर काच बदला आणि खालच्या चॅनेलला पाणी निघायला भोकं ठेवा. सखल भागात नवीन काम असेल तर पीव्हीबीऐवजी ईव्हीए या दुसऱ्या प्लास्टिकच्या थराचा विचार करा, तो ओल्याला जास्त टिकतो.

काच फुटली तर पहिल्यांदा काय करायचं?

टफन असेल तर मुलांना लांब करा आणि चप्पल घाला, कारण तुकडे काही मीटरपर्यंत उडतात. मोठा चुरा झाडूने भरून पोत्यात टाका, पिशवीत नाही. बारीक कण ओल्या जुन्या कापडाने टिपून ते कापडही फेकून द्या.

लॅमिनेटेड तडकली असेल तर तिला ढकलून पाहू नका. दोन्ही बाजूंनी रुंद टेप लावा, समोर खुर्च्या किंवा टेबल आडवं लावून रस्ता बंद करा, आणि गॅलरी असेल तर खालचीही जागा अडवा, वॉचमनला सांगा. फोटो काढून ठेवा: पूर्ण काचेचा, तडा सुरू झाला त्या जागेचा आणि कोपऱ्यातल्या शिक्क्याचा. तडा कुठून सुरू झाला यावरूनच दोष काचेचा की बसवण्याचा हे ठरतं, म्हणून हे फोटो कारागीर यायच्या आधीच काढा.